मशीन पसंत आहे, कळवतो!

बावीस दिवस! तुम्हाला सांगते, लाकडं कापायची एक मशीन पसंत करायला या लोकांना बावीस दिवस लागले… आणि मला पसंत करायला किती लागले होते? विचारा ना! पाऊण तास! त्यातली पंधरा मिनिटं तर मामाजी, म्हणजे माझे सासरे बंडूजी, आमच्या अंगणातल्या कोहळ्याच्या वेलाकडेच पाहत होते, म्हणजे मी निव्वळ अर्ध्या तासाची! आणि मशीनसाठी वर्ध्याच्या तीन चकरा, जवायाची गाडी, सकाळ-संध्याकाळ बैठका… थांबा, मी अशी मधूनच सुरू झाली. काय आहे, घरात मी बोलत नाही. "सून लय शांत भेटली बाप्पा," असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि एकदा असं नाव झालं की ते टिकवावं लागतं ना! मग दिवसभराचं सगळं आत साठत जातं, आणि तुमच्यासारखं कुणी ऐकणारं भेटलं की पाटाला पाणी सोडल्यासारखं होतं.

तर ऐका. लग्न झालं मेच्या मध्यात. सासर आंजी मोठी, वर्ध्याजवळचं गाव, भाजीपाल्याची शेती, समोर छपरी, मध्ये दोन खोल्या, आणि मागच्या अंगणात एक सुटी खोली, नवी कोरी, वर पत्रे, खास आमच्यासाठी बांधलेली. त्या खोलीत माझं सगळं आंदण. पलंग, कपाट, कपाटात एकोणीस साड्या आणि सहा ड्रेस, आणि कूलर! एवढा मोठा कूलर की त्याच्यासाठी मामाजींनी मुद्दाम वायरमन बोलावून जाड पिनेचा बोर्ड बसवून घेतला. हा बोर्ड लक्षात ठेवा बरं, पुढं येणार आहे. सत्यनारायण झाला, त्याच दुपारी वैभवच्या मित्रांनी (वैभव म्हणजे आमचे हे, घरात मी 'अहो' म्हणते, इथं तुमच्यापाशी वैभव म्हणते) ती खोली झेंडूच्या माळांनी सजवली, बाहेरून कडी घातली आणि मला म्हणाले, "वहिनी, संध्याकाळपर्यंत तिकडं पायाचं नाई!"

नाही पाहिलं. चार वाजता वादळ आलं. अर्धाच तास, पण असं की गोठ्यावरचं टोपलं शाळेच्या मैदानात सापडलं. आणि थांबल्यावर मागं जाऊन पाहतो तर कडुलिंब, मामाजींच्या आज्याच्या वेळचा, मुळासकट आडवा! आडवा पडला तर पडला, पण कुठं? अख्खं अंगण मोकळं होतं हो! उजवीकडं जागा, डावीकडं जागा, गोठ्यामागं तर पडायला आमंत्रणच होतं… नाही. बरोबर आमच्या खोलीच्या दारावर, बुंधा दाराला असा चिकटलेला की जणू दुसरी कडी. आणि दार बाहेर उघडणारं! पत्र्याला ओरखडा नाही, भिंतीला तडा नाही. आत्याबाईंनी हात जोडले, "देवाची किरपा, खोली वाचली वो माय!" मामाजींनी बुंध्यावर थाप मारली, "सरपण लय निघन बरं याच्यात!"

मी काही बोलली नाही. नवीन आहे ना मी!

मग काय, त्या दिवसापासून वैभव आणि मामाजी छपरीत, मी आणि आत्याबाई मधल्या खोलीत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर खोलीत. मी तीन साड्या आलटून पालटून नेसते, एकोणीस खोलीत. भिंतीवरचं घड्याळही खोलीत, कुणीतरी आहेर दिलेलं, दर तासाला गाणं वाजवतं, आणि ते गाणं अंगणभर ऐकू येतं, रिकाम्या खोलीतून! खिडकीला जाळी आहे, फांद्या बाजूला सारून डोकावलं की पलंग दिसायचा आणि त्याच्यावरच्या झेंडूच्या माळा. पहिल्या दिवशी पिवळ्या, चौथ्या दिवशी तपकिरी, आठव्या दिवशी पापड. आणि वर माझ्या डोक्यावर आखाड! आमच्याकडं लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नवी नवरी माहेरी जाते, महिनाभर. म्हणजे माझ्याजवळ किती वेळ होता, तुम्हीच बोटं मोजा. मी रोज मोजत होती.

पण ही गोष्ट बोलणार कशी? कुणाशी? "मामाजी, झाड लवकर हटवा, आम्हाला खोली…" छे! शब्द तोंडातून निघायच्या आत माणूस लाजेनं मरेल. वैभव तर माझ्याहून वरचा, तो फक्त झाडाकडं पाहायचा आणि उसासा टाकायचा. मग एक दिवस उठला, बनियनवर कुऱ्हाड घेऊन गेला, आणि अकरा घाव घातले. मी मोजले. बाराव्याला कमरेत काहीतरी कट्टकन वाजलं आणि नवरदेव आठवडाभर छपरीत पालथे! आत्याबाई तेल चोळतायत आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावून विचारतोय, "का बे वैभव, लग्न मानवलं नाई का?" त्याला बिचाऱ्याला मानही वळवता येत नव्हती!

तुम्ही म्हणाल, जेसीबी बोलवायचा. गल्लीतून बैलबंडी कशीबशी येते, जेसीबी कुठून येणार? तुम्ही म्हणाल, मशीनवाला बोलवायचा. अहो, मशीनवाला तीन घरं सोडून राहतो! चंद्रभान. पेट्रोलची मशीन, पंचक्रोशीत जाऊन झाडं कापतो, सकाळी आला असता तर जेवायच्या आत दार मोकळं! पण चंद्रभाननं सात वर्षांपूर्वी आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जांभळाची फांदी न विचारता छाटली होती, तेव्हापासून मामाजी त्याच्याशी बोलत नाहीत. एक फांदी! "त्याची मशीन माह्या आंगनात आली तर मी घर सोडून जाईन," असं मामाजींनी देवासमोर सांगितलं. आणि चंद्रभान काय कमी? रोज संध्याकाळी आपल्या दारात मशीन काढायचा, दोरी ओढायचा, घुर्रर्रर्र… आणि बंद. काही कापायचं नाही, उगाच! वरून मोठ्यानं, "बंडूजी, झाड वाळून राह्यलं का नाई?"

तेव्हा मामाजी उठून उभे राहिले. "आपून घरचीच मशीन घेऊ! जन्माची सरपणाची कटकट मिटन!"

मला वाटलं, चला! उद्या जातील, घेऊन येतील. मला कुठं माहीत होतं हे लोक मशीन कशी घेतात? मी तर पाऊण तासवाली ना!

पहिले सहा दिवस मोबाईलवर गेले. वैभव पालथा पडल्या पडल्या व्हिडिओ लावायचा. कुठला तरी गोरा माणूस, चौकटीचा शर्ट, भोवती बर्फ, आणि लोण्यातून सुरी जावी तशी मशीन खोडातून जातेय. मामाजी चष्मा लावून बघायचे, "हे कोनतं झाड व्हय? लिंब नाई दिसत. आपला लिंब असा कापला जाते का, थे दाखव म्हणा त्याले." आता त्याला कुठून म्हणणार? मग अठरा इंची पातं की बावीस इंची? पेट्रोलची की करंटवाली? चार्जिंगची निघाली म्हणतात, ती का नाही? शेजारी यायचे, चहा प्यायचे, प्रत्येकाचा कुणीतरी मावसभाऊ, त्याने घेतलेली मशीन, आणि ती कशी आठ दिवसांत बिघडली. आत्याबाईंचं वेगळंच. त्या मामाजींवर चिडल्या की मामाजींशी बोलत नाहीत, गोठ्यात जाऊन गायीशी बोलतात, मोठ्यानं. "तांबडे, पाय वो बाई, माणसं नुसती मोबाईल पाहून राह्यली, पाणी तापवाले घरात काडी नाई. सांगजो कोनाले तरी!" आणि मामाजी छपरीतून गायीलाच उत्तर देणार, "तांबडे, सांग तिले, घाईनं वस्तू घेतली का पस्तावा येते!"

मी काही बोलली नाही. पण ही गायीची पद्धत लक्षात ठेवली.

सातव्या दिवशी जवाई आले. माझी नणंद मंजुषाताई, वर्ध्याला नालवाडीत असतात, त्यांचे यजमान ज्ञानेश्वर भाऊजी. आमच्या घरात देवाच्या खालोखाल जवाई, आणि कधी कधी देव खाली. गाडी घेऊन आले, गॉगल काढला, झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्याला लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, "हे तर काहीच नाई, मामाजी. उद्या मशीन पायाले जाऊ."

पायाले! म्हणजे पाहायला! घ्यायला नाही, पाहायला!

आणि मलाही नेलं. का, तर घरात पहिल्यांदा अशी वस्तू येते, नवी सून लक्ष्मी असते, लक्ष्मीनं सोबत पाहिजे. लक्ष्मीला मागच्या सीटवर मधोमध बसवलं, मांडीवर नारळ आणि बाजूला मंजुषाताईंचं बदलून आणायचं ब्लाउजपीस. दुकानात गेलो. पाच खुर्च्या आल्या, चहा आला, आणि एकेक मशीन समोर आणून टेबलावर ठेवायला लागले. आणि मग… मी हात जोडून सांगते, एक शब्द पदरचा घालत नाही!

मामाजी म्हणाले, "घरानं कोनतं? म्हंजे, कंपनी?"

आत्याबाई म्हणाल्या, "रंग थोडा दबलाच वाटून राह्यला."

भाऊजी म्हणाले, "उचलून दाखवा जरा. वजन किती? घरातलं काम निभन ना?"

मामाजी परत, "तेल लय तर नाई पित? लय मागणारी नाई पायजे." आणि शेवटी घसा साफ करून, अगदी हळू, "आवाज कसा हाय? लय आवाज करणारी आमच्याकडं चालत नाई."

माझ्या हातातला नारळ निसटता निसटता राहिला! कारण हेच वाक्य, ह्याच सुरात, मी माझ्या घरी पडद्यामागून ऐकलं होतं! फक्त तिथं माझे बाबा उत्तर देत होते, "नाई जी, लय शांत हाय." इथं दुकानदार म्हणाला, "काकाजी, मशीन हाय, आवाज तं करनच!" किती सरळ माणूस! माझ्या बाबांना सुचलं असतं तर?

दुकानदार खरंच चांगला होता. त्यानं सगळं नीट समजावलं. पेट्रोलवाली अशी, तिच्यात पेट्रोलमध्ये ऑइल असं मिसळायचं, साखळीला तेल वेगळं, चालू करायच्या आधी हा लाल खटका वर, हा फुगा चार वेळा दाबायचा, मग दोरी. करंटवाली हलकी, पण वायर एवढीच, हातभर, आणि तिला घरचा साधा बोर्ड चालत नाही, जाड पिनेचा लागतो. पण ऐकतंय कोण? मामाजी भाऊजींशी बोलतायत, भाऊजी फोनवर, वैभव कंबर धरून बावीस इंची मशीनकडं असा पाहतोय जसा… जाऊ द्या. ऐकत होती एकटी मी. आणि जाड पिनेचा बोर्ड ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात दिवा लागला. आमच्या घरात तसा बोर्ड एकच! कूलरचा! आणि तो कुठं? मी वैभवच्या बाहीला हळूच ओढलं, "अहो, तो बोर्ड…" वैभव म्हणाला, "घरी बोलू." आणि मामाजी उठले, हात जोडले, दुकानदाराला म्हणाले…

"पसंत हाय. कळवतो!"

आम्ही मशीनला होकार न देता परत आलो! मशीनला! मला तरी दारातच कळवलं होतं हो!

मग पाच दिवस विचार. पेट्रोल की करंट? वैभव हळूच म्हणाला पेट्रोल. मामाजींचंही मन पेट्रोलवर, कारण चंद्रभानची पेट्रोलची. पण भाऊजींचा फोन आला, "मामाजी, पेट्रोल कायले? धूर, वास, दोरी ओढा… बटन दाबलं का सुरू, अशी घ्या." झालं! जवायाचा शब्द! मुलगी दिलेल्या घरचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, भले आमचा बुंधा जागचा हलला नाही तरी चालेल. मी वैभवला परत सांगायला गेली, तर छपरीत मामाजी जागे, मधल्या खोलीत आत्याबाई जाग्या, गोठ्यात गाय जागी. या घरात दोन वाक्यं एकांतात बोलायची तर जागा एकच होती, आणि तिच्या दारावर कडुलिंब!

मी काही बोलली नाही. आणि या एका वेळी न बोलण्याची शिक्षा मला आठ दिवस भोगावी लागली.

करंटवाली आली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आत्याबाईंनी मुठीला लाल दोरा बांधला, नारळ फोडला, पेढा ठेवला. चंद्रभान आपल्या ओट्यावर चढून पाहत होता. भाऊजी नव्या नवरदेवासारखे पुढे झाले, मशीन हातात घेतली, ऐटीत पिन वर धरली आणि म्हणाले, "बोर्ड कुठं हाय?"

मधल्या खोलीतला बोर्ड, पिन बसेना. छपरीतला बोर्ड, बसेना. देवघरातला, बसेना. मामाजींच्या तोंडावर अचानक आनंद पसरला, "अबे, कूलरचा जाड पिनेचा बोर्ड हाय ना! मीच तं बसवला!"

"मंग लावा ना! कुठं हाय?"

मामाजींनी बोट केलं. सगळ्यांनी बोटाच्या दिशेनं पाहिलं. कडुलिंब. कडुलिंबामागं दार. दारामागं बोर्ड. आणि ऐन त्या क्षणी आतल्या घड्याळानं बाराचं गाणं वाजवलं, पूर्ण, दोन कडव्यांचं!

आणि तिकडून चंद्रभान, "बंडूजी, वायर खिडकीतून टाका ना!" खिडकीला जाळी, बोर्ड आतल्या भिंतीला, जाळीतून माझं बोटही जात नाही, मी रोज करून पाहत होती! आत्याबाई गोठ्याकडं चालत्या झाल्या, "तांबडे, पाय वो माय, कुलूप पेटीच्या बाहेर आन् किल्ली पेटीच्या आत!" आणि भाऊजी? भाऊजी म्हणाले, "मशीन चांगलीच हाय. झाडच चुकीचं पडलं."

आठ दिवस! आधी लांब वायर शोधली, मग वायरमन शोधला, वायरमन बारशाला गेलेला, आला तर म्हणतो मधल्या खोलीच्या लाइनवर एवढा लोड दिला तर घराची वायर जळेल, आणि तोपर्यंत जूनचे ढग दिसायला लागले आणि माझ्या भावाचा फोन, "आखाडाले कई न्यायले येऊ?" शेवटी मशीन परत न्यायची ठरली. मलाही नेलं, लक्ष्मी ना! दुकानदारानं डबा उघडला, बघितलं आणि मान हलवली. "काकाजी, हळद-कुंकू लागलेली मशीन मी कशी परत घेऊ? पूजा होऊन घरात गेली ती गेली. आता जसी हाय तसी तुमचीच."

का कुणास ठाऊक, मी एकदम भाऊजींकडं पाहिलं नाही, वैभवकडं पाहिलं नाही, मामाजींकडं पाहिलं. मामाजी खाली बघत होते.

मग भाऊजींनीच रुमाल काढून मशीन घासली, "एकदा बी सुरू नाई केली हो, करकरीत कोरी हाय," चुकी त्यांची हे कुणी म्हणालं नाही, पण रुमाल त्यांचाच होता. दुकानदारानं शेवटी बदलून दिली. पेट्रोलवाली, अठरा इंची. जुनी त्यानं परत काचेच्या कपाटात ठेवली. मुठीच्या खाचेत थोडी हळद राहिलीच होती. मी पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नाही.

बाविसावा दिवस. पुन्हा पूजा, पुन्हा नारळ, पुन्हा पेढा. चंद्रभान पुन्हा ओट्यावर. वैभवनं दोरी ओढली. फुस्स. मामाजींनी ओढली. फुस्स. भाऊजींनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, पाय बुंध्यावर रोवला, ओढली… फुस्स! अर्धा तास तिघं पाळीपाळीनं ओढतायत, घामानं निथळतायत, वैभवचा हात परत कमरेकडं जायला लागला, आणि चंद्रभान काही बोलतच नाही, नुसता हसतोय, ते तर जास्तच वाईट. आणि माझ्या डोळ्यांसमोर लाल खटका! खाली! सकाळपासून खाली! आठ दिवसांची शिक्षा आठवली. आभाळाकडं पाहिलं, काळं व्हायला लागलं होतं. बोलू? नवीन सून, समोर सासरे, जवाई, अख्खी गल्ली गच्चीवर…

मी सरळ गोठ्यात गेली. तांबडीच्या पाठीवर हात ठेवला आणि जन्मात बोलली नसेल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तांबडे! तो लाल खटका वर करा म्हणावं! आणि फुगा चार वेळा दाबा म्हणावं! मग ओढा!"

गायीनं चघळणं थांबवलं. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. मामाजी गायीकडं पाहून म्हणाले, "बराबर बोलून राह्यली तांबडी. वैभव, खटका!"

घुर्रर्रर्रर्र! काय सांगू तुम्हाला! तो आवाज! लय आवाज करणारी चालत नाही म्हणणारे मामाजी टाळ्या वाजवत होते! चंद्रभान ओट्यावरून उतरला आणि लांबूनच ओरडला, "वैभव, वरून नोको, खालून घे, पातं अडकन!" आणि मामाजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून वैभवला सांगितलं, "खालून घे बे!" सात वर्षांनी एवढं तरी! फांद्या गेल्या, मग मधला भाग, मग बुंधा, एक तुकडा, दोन, तीन… आणि चार वाजता, बरोबर चार वाजता, खोलीचं दार मोकळं!

वैभवनं कडी काढली. दार किर्रर्र करून उघडलं. आत तो पलंग, ते कपाट, तो कूलर, वाळलेल्या माळा, सगळं धुळीनं भरलेलं, पण आपलं! वैभवनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. महिन्याभरात पहिल्यांदा दोघांच्या मध्ये झाड नव्हतं. मी केरसुणी आणायला वळली, आणि पाठीवर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा.

आणि आत्याबाई ओरडल्या, "माय वो! सरपण वल्लं होईन ना! लवकर आत टाका!"

"आत कुठं?" मामाजी.

"कुठं म्हंजे? त्या खोलीत! तशीबी रिकामीच हाय ना!"

तुम्हाला सांगते, गल्ली धावून आली. ज्यांनी बावीस दिवस फक्त चहा प्यायला होता त्यांनी दहा मिनिटांत अख्खा कडुलिंब खोलीत रचला! पलंगावर, पलंगाखाली, कपाटाला लागून, छतापर्यंत! चंद्रभानही दोन ओंडके घेऊन आला, मामाजींनी "ठेव तिकडं" म्हटलं, समेट झाला, सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही भरून आले, पण कारण वेगळं होतं. कूलर तेवढा वाचवला. वायरमन बोलावून बोर्डासकट छपरीत नेला. मामाजींना आता छान झोप लागते.

चार दिवसांनी भाऊ आला, मी आखाडाला माहेरी गेली. महिन्यानं परत आली, तर लाकूड तसंच. म्हणे, ओलं आहे, वाळायला वर्ष लागते.

वर्ष! मग मी ठरवलं. बोलायचं नाही, जाळायचं. पहाटे उठते, अंगणातल्या चुलीवर पाण्याचा मोठा गंज चढवते, खाली कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणि वर कडुलिंब, जिथं दोन लाकडं पुरतील तिथं पाच. ओलं लाकूड, धूर असा की डोळ्यांतून धारा, आत्याबाईंना वाटतं माहेरची आठवण येते. वाटू दे! सगळ्यांना कडकडीत पाणी, दोन-दोन वेळा, गायीलासुद्धा कोमट. मनात हिशोब पक्का, अशा वेगानं जाळलं तर पोळ्यापर्यंत खिडकी दिसेल आणि दिवाळीपर्यंत पलंग. पहिली रांग संपलीही! कपाटाचं एक दार अर्धं उघडतं आता, परवा हात घालून एक साडी ओढून काढली, मोरपंखी.

ती नेसून काल चुलीपाशी बसली होती. मामाजी आंघोळ करून आले, अंगातून वाफा निघतायत, खोलीत डोकावले, रिकामी झालेली ती एक रांग पाहिली, आणि इतकं प्रेमानं माझ्याकडं पाहिलं, इतकं प्रेमानं…

"सूनबाईले सरपण लय लागते बाप्पा. लाजेनं मागत नाई बिचारी. वैभव! मशीन काढ, धुऱ्यावरची बाभूळ पाडून टाक. जागा तं झालीच हाय!"

मी काही बोलली नाही. उठली आणि गोठ्यात गेली. पण तांबडीनंच तोंड फिरवलं.